कोल्ड एअर इनटेक: पाइपपेक्षा पडद्याला जपा

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारी सोय, आणि पडदा म्हणजे तिच्या फिल्टरला इंजिनाच्या उष्णतेपासून वाचवणारा आडोसा. बॉनेटखाली लालभडक शंकूचा फिल्टर लावलेल्या गाड्या हल्ली गल्लोगल्ली दिसतात. त्यातल्या बऱ्याच फिल्टरना आजूबाजूला आडोसाच नसतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की तिथली हवा सहज ६०-७० अंशांवर जाते आणि तीच फिल्टर ओढत राहतो. ३५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ६५ अंशांच्या तेवढ्याच आकारमानाच्या हवेत प्राणवायू सुमारे ९ टक्के कमी असतो. शिवाय हवा तापली की इंजिन नॉक होऊ नये (पेट्रोल अवेळी पेटून टकटक होऊ नये) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे पैसे मोजून पिकअप घालवायचा प्रकार.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कंपनीचा एअर फिल्टरचा डबा हवा कुठून घेतो ते बघा. डब्यापासून निघालेल्या प्लास्टिकच्या सोंडेवरून हात फिरवत पुढे जा. ती ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी उघडत असेल, तर तुमच्या गाडीत कोल्ड एअर इनटेक आधीपासूनच आहे. अशा गाडीला चांगला पॅनल फिल्टर (मूळ डब्यातच बसणारा सपाट फिल्टर) घाला आणि विषय संपवा. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात या कामातून ताकद थोडीच वाढते, आवाज मात्र बराच वाढतो. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

किट घेताना एकच गोष्ट घासून तपासा. गाडीत एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल, तर तो जिथे बसतो तिथला पाइपचा आतला व्यास मूळ पाइपइतकाच हवा. हा सेन्सर तापलेल्या तारेवरून हवा मोजतो आणि त्याचं गणित त्या व्यासावर बेतलेलं असतं. पाइप मोठा झाला की ईसीयूला हवा कमी वाटते आणि पेट्रोलही कमी पडतं. त्याऐवजी एमएपी सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाड्यांना ही अडचण नसते. पाइप अॅल्युमिनिअमचा दिसायला झकास असला, तरी प्लास्टिकचा कमी तापतो.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सगळ्या जोडण्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेन्सरच्या सॉकेटचं लॉक दाबूनच ते ओढा, वायरला धरून नाही. टॅपेट कव्हरकडून (इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून) येणारी, इंजिनातली वाफ इनटेककडे नेणारी ब्रीदरची नळी सोडवा, होज क्लिप सैल करा आणि डबा उचलून बाहेर घ्या. थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं) तोंड उघडं राहतं, त्यावर स्वच्छ फडकं बांधा. एखादा वॉशर आत गेला तर इंजिन खोलायची वेळ येते.

नवा पाइप थ्रॉटल बॉडीकडून बसवत या, पण सगळ्या क्लिपा आधी सैलच ठेवा. एमएएफवरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. ब्रीदरची नळी नव्या पाइपच्या नळकांडीला जोडाच. ती लोंबकळत राहिली तर एमएएफच्या पुढून न मोजलेली, न गाळलेली हवा आत जाते. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, त्यामुळे पाइप आणि बॉडीच्या पत्र्यात दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा. मग क्लिपा आवळा, पण बेतानं. प्लास्टिकची थ्रॉटल बॉडी जोर लावला की तडकते.

आता पडदा. खरं काम हेच आहे, आणि बाजारात मिळणारे तयार पडदे बहुतेकदा एकाच बाजूने आडोसा देतात. फिल्टरभोवती इंजिनाकडच्या सगळ्या बाजू झाकायच्या असतात. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा, जागेवर बसवून बघा, पाइपसाठी भोक पाडा, दोन-तीनदा छाटा. नमुना जमला की दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनिअमचा पत्रा आणा. पुण्यात तो बोहरी आळीत मिळावा, फिल्टर-क्लिपा नाना पेठेत. पत्रा कापल्यावर कडा कानशीने घासा आणि त्यांवर रबरी बीडिंग चढवा.

पडद्याची वरची कड बॉनेटला टेकली तरच फिल्टरभोवतीची बंदिस्त खोली तयार होते. ते तपासायला कडेवर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे छोटे गोळे ठेवा, बॉनेट अलगद बंद करून उघडा. गोळा जितका जाड उरेल तितकी फट आहे. त्या मापाची रबर पट्टी लावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळापासून) पडदा जमेल तेवढा लांब, निदान चार बोटं तरी ठेवा. त्याच्याकडची बाजू चकचकीत राहू द्या किंवा तिला उष्णता परावर्तित करणारी टेप लावा. काळा रंग अजिबात नको, तो उष्णता शोषून घेतो. पत्रा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ येत असेल तर टर्मिनलवर रबरी टोपी घाला आणि मधे मोकळी जागा सोडा. बोल्टखाली रबरी बुश नसले तर खडखडाट सुरू होतो.

नुसता पडदाही पुरत नाही. बंद खोलीत ताजी हवा आली पाहिजे, नाहीतर आतली हवाच हळूहळू तापते. कंपनीची सोंड किंवा ग्रिलमागून आणलेला नळ या खोलीत उघडा. तळाला पाणी वाहून जायला एक भोक ठेवा.

थंड हवेच्या मोहात फिल्टर बंपरच्या खाली नेऊ नका. मुंबईत मिलन सबवे किंवा हिंदमातासारख्या ठिकाणी पाणी साचलं की असा फिल्टर थेट पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत आहे आणि वॉरंटीची पुस्तिकाही आधी वाचून घ्या.

तपासणी अंदाजाने करू नका. साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण) मोबाइलला जोडा आणि इनटेकचं तापमान बघा. काम सुरू करण्यापूर्वी एकदा, झाल्यावर एकदा, शक्यतो त्याच रस्त्यावर आणि त्याच वेळेला. सिग्नलला आकडा चढणारच. गाडी सुटल्यावर तो किती लवकर उतरतो ते महत्त्वाचं. पूर्वीपेक्षा उशिरा उतरत असेल तर पडद्यात फट आहे किंवा ताज्या हवेची वाट अडली आहे. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) सतत १० टक्क्यांहून जास्त दिसला किंवा पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड आला, तर सांधे आणि ब्रीदर पुन्हा तपासा. पी०११३ आला तर बहुधा तापमानाच्या सेन्सरचं सॉकेट लावायचं राहिलं आहे.

आठवडाभर गाडी चालवून झाली की क्लिपा पुन्हा एकदा आवळा. कापडी फिल्टर धुतल्यावर तेल मोजकंच लावा; जादा तेल उडून एमएएफच्या तारेवर बसतं. धुळीच्या रस्त्यावर नेहमी जाणं असेल तर कंपनीचा कागदी फिल्टरच बरा, आणि मूळ डबा माळ्यावर जपून ठेवलेला असावा.