विश्वरूपदर्शनाचा भक्तावर आणि अभक्तावर झालेला परिणाम कसा अभ्यासावा

श्रीकृष्ण अर्जुनाला विश्वरूप दाखवतात तो गीतेचा 11वा अध्याय एकटाच वाचला, तर ईश्वराचे सामर्थ्य दिसताच माणूस आपोआप नम्र होतो असा समज होण्याची शक्यता असते. महाभारत स्वतः तसे म्हणत नाही. म्हणून अभ्यासमंडळात किंवा घरी हा विषय घ्यायचा असल्यास आधी उद्योगपर्वातील कृष्णशिष्टाई, म्हणजे युद्ध टाळण्यासाठी श्रीकृष्णाने कौरवसभेत केलेली बोलणी, वाचावी आणि मगच अर्जुनाकडे यावे.

शिष्टाईचा प्रसंग वाचताना सामर्थ्य पाहिल्यावर कोणी काय केले, एवढेच टिपत जावे. दुर्योधन, कर्ण, शकुनी आणि दुःशासन यांनी श्रीकृष्णाला बांधून ठेवण्याचा बेत केला, तो श्रीकृष्णासोबत आलेल्या सात्यकी या यादववीराने ओळखून उघड केला आणि त्यानंतर भरसभेत श्रीकृष्णाच्या देहातून देवता प्रकट झाल्या. राजांनी भयाने डोळे मिटले. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि ऋषी यांना मात्र दिव्य दृष्टी मिळाल्याने ते पाहू शकले. बहुतेक वाचक येथेच थांबतात, पण अभ्यासाचा गाभा पुढे आहे. युद्धाच्या तोंडावर शकुनीचा मुलगा उलूक याच्याकरवी पांडवांकडे पाठवलेल्या निरोपात दुर्योधन त्या रूपाला माया ठरवतो आणि अशी रूपे आम्हीही मायेने दाखवू शकतो, असे सुनावतो. जे दिसले ते त्याने नाकारले नाही. त्याला आपल्या ओळखीचे, आपल्याही आवाक्यातले नाव दिले, आणि त्यामुळे त्याला वाकण्याची गरज उरली नाही. भीष्म-द्रोणांपाशीही थोडे थांबावे. त्यांनी ते रूप पाहिले, श्रीकृष्णाची थोरवी मान्य केली आणि तरीही ते कौरवांच्याच बाजूने लढले. भक्त आणि अभक्त अशी सरळ विभागणी येथे टिकत नाही, आणि ती ओढूनताणून टिकवू नये.

आता 11व्या अध्यायातील अर्जुनाचे बोलणे दोन भागांत वाचावे. 15 ते 31 या श्लोकांत स्तुतीने सुरुवात होते, पण 24व्या श्लोकात त्याचा धीर सुटतो, 25व्यात त्याला दिशा कळेनाशा होतात आणि 31व्यात तो आपल्याच सख्याला ‘आपण कोण आहात?’ असे विचारतो. भक्तही घाबरतो, हे वाचकांना मोकळेपणाने सांगावे. 36 ते 46 हा दुसरा भाग मात्र सावकाश, शक्य असल्यास दोनदा वाचावा. ‘हे कृष्णा, हे यादवा, हे सख्या’ अशी हाक मारल्याबद्दल आणि थट्टेत झालेल्या अवमानाबद्दल अर्जुन क्षमा मागतो. पित्याने पुत्राचे, मित्राने मित्राचे सोसावे तसे माझे सोसून घ्या, असे विनवतो. आणि 45व्या श्लोकात हर्ष व भय दोन्ही एकाच वेळी मनात असल्याचे सांगतो. दुर्योधनाला भय शिवले असेल तर त्याने ते गर्वाखाली दाबले, अर्जुनाने ते ज्याचे भय वाटले त्याच्याच पायाशी आणून ठेवले. 36वा श्लोक फळ्यावर लिहून ठेवावा, कारण एकाच महिम्याने राक्षस भिऊन दाही दिशांना पळतात आणि सिद्धांचे समुदाय नमस्कार करतात, हे त्यात एकत्र आले आहे. ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव या अध्यायाच्या आरंभी शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आल्याचे म्हणतात. ती ओवी याच वेळी वाचल्यास अर्जुनाची अवस्था चांगली उमगते.

चर्चेत एक दक्षता आवश्यक आहे. आजच्या नास्तिकाला दुर्योधनाच्या जागी बसवू नये, कारण दुर्योधन देवांना मानणारा होता. त्याची अडचण अहंकाराची होती. प्रामाणिक शंका घेणारा माणूस सभेत असेल, तर भव्यतेपुढे आपण काय करतो, हा प्रश्न त्यालाही तितक्याच आदराने विचारावा.

53 आणि 54 हे श्लोक शेवटी घ्यावेत. वेद, तप, दान, यज्ञ यांनी हे दर्शन होत नाही, अनन्य भक्तीने होते, असे तेथे श्रीकृष्ण सांगतात. ते आधी वाचल्यास सभेतील राजांचे मिटलेले डोळे आणि भीष्मांचे उघडे डोळे यांवर वाचक स्वतः विचार करण्याआधीच उत्तर देऊन मोकळे होतात.