गर्भपाताच्या गोळ्या घेण्याआधी: दिवस कसे मोजायचे, काय तपासायचं, रात्री कुठे जायचं

पाळी चुकली, घरच्या चाचणीत दोन रेघा आल्या आणि गर्भ ठेवायचा नाही असं ठरत असेल, तर मेडिकलच्या दुकानाकडे वळण्याआधी कॅलेंडर घ्या. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तो पहिला दिवस शोधा. दिवस तिथून मोजायचे, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. समजा पाळी १ जूनला आली होती. मग ३ ऑगस्टला ६३ दिवस, म्हणजे ९ आठवडे भरतात. संबंध १५ जूनला आला म्हणून तिथून मोजलं, तर तोच गर्भ ७ आठवड्यांचा वाटतो. हा दोन आठवड्यांचा फरक फार महागात पडतो, कारण आपल्याकडच्या नियमांनुसार या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच देता येतात. त्यापुढे रक्तस्राव आणि अर्धवट गर्भपात यांचा धोका वाढत जातो. पाळी अनियमित असेल, बाळ अंगावर पीत असल्यामुळे पाळी सुरूच झाली नसेल किंवा शेवटच्या वेळी नुसते डाग पडले असतील, तर बोटांवरच्या हिशोबावर विसंबू नका. सोनोग्राफी करून घ्या.

दुसरा प्रश्न गर्भ कुठे आहे हा. तो पिशवीत नसून नळीत असेल, तर या गोळ्या त्याच्यावर काम करत नाहीत. मात्र गोळ्यांनी अंगावरून जायला लागतं, बाईला वाटतं झालं मोकळं, आणि नळी आतल्या आत फुटते. पूर्वी नळीत गर्भ राहिला असेल, नळीचं ऑपरेशन किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होऊनही दिवस गेले असतील किंवा आत तांबी असेल, तर सोनोग्राफीशिवाय गोळ्या घेऊच नयेत. तांबी असल्यास ती आधी काढावी लागते. एका बाजूला सतत दुखणं, खांद्यात कळ येणं, भोवळ येणं ही नळी फुटत असल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

डॉक्टरांना न विचारताही काही गोष्टी सांगून टाका: रक्त पातळ करणारी औषधं, रक्त न गोठण्याचा आजार, बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, ॲड्रिनल ग्रंथीचा त्रास, आटोक्यात नसलेला दमा, आधीचं सिझेरियन. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते ८ च्या खाली असेल, तर घरी रक्त जाऊ देणं धोक्याचं. आपल्याकडे अंगात रक्त कमी असणाऱ्या बायका खूप आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आता कायद्याचं. गर्भपात १९७१ च्या कायद्याच्या अटींत कायदेशीर आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच. १८ च्या आतल्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते आणि डॉक्टरांना पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातल्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव उघड न करता कळवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांना कायद्यानेच बंधनकारक आहे. "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून कोणी परत पाठवलं, तर दुसऱ्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा. दिवस वाया घालवू नका.

किटमध्ये पाच गोळ्या असतात: मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली पाण्याबरोबर गिळायची. तिने बहुतेकींना काहीच जाणवत नाही आणि "काम झालं नाही" असं वाटतं, पण ती गर्भाची वाढ थांबवत असते. तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा. उरलेल्या चार २४ ते ४८ तासांनी. त्या योनीमार्गात ठेवायच्या की जिभेखाली, ते डॉक्टर सांगतात. तोंडात ठेवायच्या असतील तर अर्धा तास विरघळू द्यायच्या आणि उरलेला चुरा पाण्याबरोबर गिळायचा. एकच गोळी घेऊन थांबणं किंवा पाचही एकदम घेणं, दोन्हीने गर्भ अर्धवट राहू शकतो. मन डळमळत असेल तर पहिल्या गोळीच्या आधीच थांबा. मिसोप्रोस्टॉल घेऊनही वाढत राहिलेल्या गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

चार गोळ्यांचा दिवस असा निवडा की घरी कोणीतरी सोबत असेल. मोठे पॅड जवळ ठेवा. वेदनेसाठी आयब्युप्रोफेन चालतं, ते गोळ्यांच्या कामात अडथळा आणत नाही. ॲसिडिटीचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. साधारण १ ते ४ तासांत कळा आणि रक्त सुरू होतं. पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, लिंबाएवढ्या गाठी पडू शकतात. आठव्या-नवव्या आठवड्यात दीड-दोन सेंटिमीटरचा पांढुरका भागही दिसू शकतो, घाबरू नका. थंडी वाजणं, जुलाब, थोडा ताप हे त्या दिवसापुरतं.

मात्र सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, म्हणजे नुसते डागाळले नव्हे तर कडेपर्यंत ओले झाले, तर ताबडतोब १०८ ला फोन करा. चक्कर येऊन पडणं, २४ तासांनंतरही १००.४ च्या वर ताप, घाण वास येणारं पाणी जाणं, हेही अंगावर काढायचं नाही. आणि २४ तासांत रक्त अजिबात आलं नाही, तर स्वतःहून जास्तीच्या गोळ्या न घेता डॉक्टरांना गाठा. रात्री जाण्याचं रुग्णालय, वाहन आणि सोबतचा माणूस हे तिन्ही गोळी घेण्याआधीच ठरलेलं हवं. तुम्ही रुग्णालयापासून दोन तासांवरच्या पाड्यावर राहत असाल, तर तेवढे दिवस जवळच्या नातेवाइकांकडे राहा, किंवा थेट रुग्णालयात निर्वात पद्धतीने, म्हणजे नळीने ओढून, पिशवी रिकामी करून घेण्याबद्दल विचारा. ते काही मिनिटांत होतं. जुन्या पद्धतीचं क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, करायला सांगत असतील, तर निर्वात पद्धत का नाही हे नक्की विचारा.

साधारण शंभरपैकी ९५ पेक्षा जास्त जणींचा गर्भ गोळ्यांनी पूर्ण पडतो. तुमचा पडला का, हे दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाऊनच कळतं. लघवीची चाचणी चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावरून घाबरू नका. पण मळमळ आणि स्तन दुखणं चालूच राहिलं तर लवकर दाखवा. थोडं थोडं रक्त दोन आठवडे जाऊ शकतं. पुढची पाळी यायच्या आधी, अगदी आठ-दहा दिवसांतही, पुन्हा दिवस जाऊ शकतात. म्हणून माला-एनसारख्या गोळ्या चार गोळ्यांच्या दिवसापासूनच सुरू करता येतात, आणि तांबी हवी असेल तर ती पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावर त्याच फेरीत बसवून घेता येते.