बर्ली ओढताय? आधी या चुका टाळा

पाईपमधून पहिल्यांदा बर्ली जातीची तंबाखू ओढणारा माणूस साधारण तिसऱ्या झुरक्याला विचारतो, "हिला चवच नाही का हो?" अमेरिकेतल्या केंटकीत राहून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तर देण्याआधी समोरच्याचा पाईप हातात घेऊन बघतो. तापलेला असतोच.

बर्लीत साखर जवळजवळ नसते, हे आधी ध्यानात घ्या. व्हर्जिनिया या दुसऱ्या जातीच्या तंबाखूची पानं कोठारात उष्णता देऊन आठवड्याभरात वाळवतात, त्यामुळे त्यांतली साखर टिकते. बर्लीचं झाड इथं खोडासकट तोडतात, काठीला ओवून कोठारात टांगतात आणि ते नुसत्या वाऱ्यावर महिना-दोन महिने सुकतं. पान सावकाश मरतं आणि मरता मरता स्वतःचीच साखर संपवतं. मागे उरते ती भाजक्या शेंगदाण्याची, थोडी कडसर कोकोची चव. ती हळू ओढलं तरच लागते. गोडी शोधत भसाभसा ओढलं, तर ओला पुठ्ठा जाळल्यासारखं लागतं आणि जीभ पोळते ती वेगळीच.

चव नाही म्हणजे सौम्य, ही समजूत तर अंगाशी येते. माझं आजोळ निपाणीकडचं. विडीच्या तंबाखूच्या त्या मुलखात वाढलेला कुणीही असा हिशेब करणार नाही. पण पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानं केला. रोज सिगारेट ओढणारा गडी. सकाळी उठून, चहासुद्धा न घेता, माझा सगळ्यात मोठा पाईप काठोकाठ भरून मागच्या अंगणात बसला. "मामा, ही तर अगदीच मिळमिळीत आहे," म्हणाला आणि सिगारेटच्या सवयीनं धूर थेट छातीत. मी बस म्हटलं, तर हसला. दहा मिनिटांत उचक्या सुरू झाल्या. मग कपाळावर घाम, मग तोंड पांढरंफटक. शेवटी कठड्याला धरून उभा राहिला, तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तंबाखू लागली होती, दुसरं काय. गुळाचा खडा तोंडात दिला, पाणी पाजलं, आडवा केला. अर्ध्या तासानं माणसात आला.

साखर कमी असल्यानं बर्लीचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. छातीत ओढायची गरजच नाही. (छातीत घेतला नाही म्हणून धूर निरुपद्रवी होतो असंही नाही. तो विचार ज्यानं त्यानं पाईप हातात घेण्याआधीच करावा.) माझी पद्धत साधी: भरल्या पोटी, लहान पाईप, तोही अर्धाच भरलेला. पहिली उचकी आली की पाईप खाली.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पाकीट फोडलं की लगेच पाईपमध्ये कोंबायची घाई कशाला? बर्ली मुळात पाणी आणि सुवास भरपूर शोषते, म्हणूनच कारखान्यात तिला ओलं करून वास चढवणं सोपं जातं. मी कागदावर पसरून ठेवतो आणि मधूनमधून चिमूट दाबून बघतो. गोळा तसाच राहिला तर ओली, सोडल्यावर हळूच उलगडली तर तयार, चुरा झाला तर बसा बोंबलत. कोरडी बर्ली कागदासारखी भडकते. मायक्रोवेव्हमध्ये फिरवून वाळवणारे महाभाग मला माहीत आहेत. त्यांच्या बर्लीचा वास घरभर जातो, पाईपमध्ये काही उरत नाही.

जेट लायटर नको. मी स्वतः एकदा त्या निळ्या ज्वाळेनं पाईपची कड जाळून ठेवली आहे. साधी लाकडी काडी घ्या, गंधक जळून जाऊ द्या, मग टेकवा.

व्हॅनिलाच्या मिश्रणांसाठी वापरलेला जुना पाईपही नको, वर्षानुवर्षं मुरलेला तो वास बर्लीवर स्वार होतो. महागड्या ब्रायर लाकडाच्या पाईपचीही घाई नको. मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून मक्याच्या कणसाचे पाईप बनतात, ते स्वस्त असतात आणि बर्लीला झकास जमतात. तंबाखूही साधीच घ्या. १९०७ पासून चालत आलेली प्रिन्स अल्बर्ट इथले म्हातारे आजही ओढतात, ते काही उगाच नाही.

आणि पाईप विझला म्हणून ओशाळू नका. मी एका पाईपला चार काड्या घालवतो. भाचा आता सहा घालवतो, तेही जेवण झाल्यावर.