नवीन गाडीची सर्व्हिसिंग शोरूमला करायची का, आणि केली तर नेमकं काय काय करून घ्यायचं

नवीन गाडी घेतली की थोड्याच दिवसांत सर्व्हिसचे फोन सुरू होतात आणि आपल्याला वाटतं गाडी तर मस्त चालतेय मग कशाला न्यायची. माझं मत सरळ आहे, वॉरंटी आहे तोवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, वेळेवर न्या, पण मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच करून घ्या. बिल फुगतं ते वरून चिकटवलेल्या कामांनी.

आधी ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा. त्यात मेंटेनन्सचा तक्ता असतो, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. लोक किलोमीटर बघतात आणि महिने विसरतात. गाडी कमी चालते म्हणजे ऑइल जास्त टिकेल असं नाहीये, उलट जी गाडी रोज तीन-चार किलोमीटर जाऊन बंद होते तिचं ऑइल लवकर खराब होतं, कारण इंजिन पुरतं तापतच नाही, मग आत जमलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायच्या ऐवजी ऑइलमध्येच मिसळत राहतं. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या अशा खडतर वापरासाठी वेगळा तक्ता दिलेला असतो, आपण त्यात बसतो का ते प्रामाणिकपणे बघा.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं आणि वरून बघून काही कळत नाही. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा किमान १५५ चालतो. एवढा फरक! लांब उतारावर सतत ब्रेक दाबताना ते उकळलं तर आत बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. बऱ्याच गाड्यांना दर २ वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं, तेव्हा ते टाळू नका, गाडी कितीही नवीन वाटली तरी.

आता शोरूमच का? एक तर रेकॉर्ड. उद्या इंजिन किंवा गिअरबॉक्सचा क्लेम करायची वेळ आली तर पहिल्यांदा सर्व्हिस हिस्ट्री मागतात. काही देशांत कायद्याने बाहेरच्या गॅरेजलाही सर्व्हिस करता येते आणि वॉरंटी टिकते, पण ऑइल बरोबर ग्रेडचं होतं, वेळेत बदललं होतं याची बिलं आपल्यालाच जपून ठेवावी लागतात. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट आणि रिकॉल, म्हणजे एखादा दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देते ते. चेसिस नंबर टाकून एखादा रिकॉल पेंडिंग आहे का ते त्यांना आवर्जून विचारा, सेफ्टी रिकॉलचं काम कंपनीच्या खर्चाने होतं.

आणि नाही म्हणायला शिका. नव्या गाडीला इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, ऑइलमध्ये टाकायचे ॲडिटिव्ह, इंजिन कोटिंग यातलं काही सुचवलं तर एकच विचारा, हे मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे? पान दाखवलं तर करा. जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या करायच्या कामांच्या यादीवर, सही करायच्या आधी एकेक ओळ वाचा, न कळलेली ओळ समजावून घ्या, आणि न विचारता जादा काम करायचं नाही असं त्यावरच लिहून घ्या.

माझ्या दुसऱ्या सर्व्हिसच्या बिलात एसी फिल्टर बदलल्याचे पैसे लावले होते. घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स उतरवला, मागचं झाकण काढलं, तर फिल्टर काळपट आणि त्याच्या घडीत एक वाळकं पान अडकलेलं. परत गेलो, दाखवलं, त्यांनी बदलून दिला पण अख्खा दिवस गेला आणि मनात आलं की जे मला उघडून बघता येत नाही त्याचं काय? तेव्हापासून मी फिल्टरच्या कडेला मार्करने बारीक खूण करून गाडी देतो आणि जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगतो. तुम्हीही सांगा, कोणाला राग येत नाही.

वॉरंटी संपली की मग ओळखीचा चांगला मेकॅनिक असेल तर खुशाल त्याच्याकडे जा, फक्त ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं टाका, ०डब्ल्यू-२० (ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा ग्रेड) सांगितलंय तर तेच.

गाडी घरी आणल्यावर सपाट जागी लावा, इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेच्या पुढे गेलेलंही वाईटच कारण जास्त ऑइल फेसाळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वाकून बघा, ऑइल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट नीट आवळलेला नसेल तर जमिनीवर ऑइलचा डाग दिसेल. दिसला तर गाडी सुरू करू नका, फोटो काढा आणि त्यांनाच घरी बोलवा.