घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय? आधी हेडफोन, मग बाकीचं

मी सगळ्यात आधी कीबोर्ड घेतला. २५ पट्ट्या, वर आठ पॅड, आठ नॉब. यूएसबी वायर लावली, दिवे लागले, पट्टी दाबली तर चिडीचूप. अर्धा तास वायरी बदलून पाहिल्या. बिघडलेला माल गळ्यात मारला म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. पण चूक माझीच होती. मिडी ही वाद्यांनी आणि कॉम्प्युटरने एकमेकांना निरोप धाडायची पद्धत, त्यामुळे नुसत्या मिडी कीबोर्डमधून आवाज येतच नसतो. कोणती पट्टी, किती जोरात, किती वेळ दाबली, एवढाच निरोप तो कॉम्प्युटरला देतो. आवाज काढायचं काम सॉफ्टवेअरचं. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून हे असंच चालत आलंय, मला ते त्या दिवशी कळलं.

म्हणून कीबोर्ड राहू द्या. लॅपटॉप आहे तोच वापरा, ८ जीबी रॅमवर सुरुवात होते. पहिले पैसे हेडफोनवर घाला. का, ते करूनच बघा. सिंथमध्ये (आवाज घडवणारं सॉफ्टवेअर, फुकटची नावं खाली दिलीत) साधी साइन वेव्ह, म्हणजे एकच शुद्ध सूर, घ्या. पिचच्या एन्व्हलपने (वेळेनुसार सूर वरखाली करायची सोय) तो सूर २०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर झटकन खाली आणा, सेकंदाच्या विसाव्या भागात. आवाज पाव सेकंदात विरू द्या. झाली किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, तयार! आता ती लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐका. नुसतं 'टक'. खालचा 'धम्म' गायब, कारण तेवढ्याशा स्पीकरला ५० हर्ट्झ झेपतच नाही. डग्गा बाजूला ठेवून नुसत्या चाटेवर ठेका धरल्यासारखं. मग आपण बास वाढवत बसतो आणि तेच गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं की भिंती हादरतात.

हेडफोन वायरचा आणि कानाभोवती बंद बसणारा घ्या. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स चालेल. ब्लूटूथ नकोच, आवाज उशिरा पोचतो आणि ताल धरता येत नाही.

ज्यात गाणं रचायचं, रेकॉर्ड करायचं त्या सॉफ्टवेअरला 'डॉ' (DAW) म्हणतात (वाचताना डॉक्टर वाटतो, इलाज नाही). मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. विंडोजवर रीपर ६० दिवस मोफत वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये एक मेख आहे: गाणं सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत सेव्ह केलेलं पुन्हा उघडता येत नाही. सिंथसाठी व्हायटल किंवा सर्ज एक्सटी घ्या. दोन्ही फुकट मिळतात आणि वर्षभर पुरून उरतात. कुठलाही डॉ घ्या, पण तीन गाणी पूर्ण होईपर्यंत बदलू नका. मी पहिल्या सहा महिन्यांत चार बदलले, गाणं एकही झालं नाही.

आता कीबोर्ड. घेताना सोबत कोणतं सॉफ्टवेअर येतं ते बघा, बऱ्याच कीबोर्डांबरोबर एबलटन लाइव्ह लाइट मिळतं. पट्टी दाबल्यावर आवाज रेंगाळत आला, तर कीबोर्डाला दोष देण्याआधी डॉमधला बफर तपासा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून मग पुढे सोडतो तो आकडा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) ५१२ चा बफर म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद, १२८ केला की ३. वाजवताना कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात कडकड येते. विंडोजवर आधी एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोचवणारा) निवडा, त्याशिवाय नुसता बफर कमी करून फारसा फरक पडत नाही.

ऑडिओ इंटरफेस (माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) गायन किंवा गिटार रेकॉर्ड करायची असेल तरच. कंडेन्सर माइक लावणार असाल तर त्यात ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकला वायरीतूनच मिळणारी वीज, हवा. स्पीकर सगळ्यात शेवटी. रिकाम्या, घुमणाऱ्या खोलीत महागडे स्पीकरही खोटं बोलतात. माझे दोन वर्षांनी आले. कीबोर्डवरचे ते आठ नॉब मात्र अजून तसेच नवे कोरे आहेत, मी सगळं माउसनेच फिरवतो.