पिनपॉइंटर नाही? मग मातीतली वस्तू शोधताना या चुका टाळा

नाशिकच्या दिंडोरी रस्त्याकडच्या एका द्राक्षबागेत डिपिंग चालू असताना एका ताईंच्या बोटातली अंगठी गळाली. घड जीएच्या (जिबरेलिक अॅसिड, मणी फुगवणारं संजीवक) द्रावणात बुडवायचे, हात दिवसभर ओले, बोटं सुरकुतलेली. अंगठी कधी निसटली ते संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी बागवाल्याने मला बोलावलं, कारण त्याच्या ओळखीत मेटल डिटेक्टर असलेला मी एकटाच. मशीन घेऊन मला जेमतेम महिना झाला होता. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात फिरवायची ती हातभर सुद्धा नसलेली कांडी, घेतला नव्हता. मशीनलाच खिसा रिकामा झाला होता.

सिग्नल दहा मिनिटांत लागला. अंगठी मिळायला मात्र दुपार कलली, आणि तोवर मी वेलीच्या बुडाशी तीन खड्डे करून ठेवले होते. "दादा, पांढरी मुळी तुटली तर घडाला फुगवण तुम्ही देणार का?" बागवाला म्हणाला. चुकीचं काहीच बोलला नाही.

अंगठी शेवटी कुठे होती ते पुढे सांगतो. पण त्या दिवसानंतर मी पिनपॉइंटर विकत घ्यायच्या आधी कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या टोकाची गोल थाळी, वापरायला शिकलो, आणि अजून तरी कांडीवाचून अडलेलं नाही. पिनपॉइंटर खड्ड्यातला शेवटचा वीतभर शोध सोपा करतो, एवढंच. खड्डा कुठे घ्यायचा हे थाळीच सांगते. आपल्याला तिची भाषा येत नसते.

आपल्या थाळीचा आवाज नेमका कुठे वाजतो, हे माहीत नसणं

नवशिक्याचे निम्म्याहून जास्त फुकटचे खड्डे या एका चुकीचे असतात, असं माझं मत. कॉइल गोल दिसते म्हणून वस्तू बरोबर मधोमध असणार, असं आपण धरून चालतो. कॉन्सेंट्रिक कॉइल असेल, म्हणजे एका मोठ्या वेटोळ्याच्या आत दुसरं लहान वेटोळं, तर ते बहुतेक खरं ठरतं. तिची नजर खाली निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूसारखी असते. पण आजकालच्या बऱ्याच मशीनला डीडी कॉइल येते. तिच्यात इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी पाठीला पाठ लावून एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. ती जिथे एकमेकांवर येतात तो पुढून मागे जाणारा अरुंद पट्टा खरा कामाचा. म्हणून डीडी कॉइल डावं-उजवं अचूक सांगते, पण वस्तू पट्ट्यात पुढे आहे की मागे, याबद्दल मोघम बोलते.

हे वाचून पाठ होत नाही, करून बघावं लागतं. अंगणात किंवा मोकळ्या रानात जा. घरातल्या फरशीवर नको, स्लॅबमधल्या सळया गोंधळ घालतात. चुंबकाला न चिकटणारं पिवळं पाच रुपयांचं नाणं जमिनीवर उघडं ठेवा. १९९२ पासूनचं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, चुंबकाला चिकटतं आणि मशीनच्या पडद्यावर, धातू कुठला याचा अंदाज देणारा जो आकडा येतो, तो विचित्र दाखवतं. सरावाला ते घेऊ नका. आता नाणं डोळ्यांना दिसत असतानाच थाळी हळूहळू त्याच्यावरून फिरवा आणि आवाज सर्वांत मोठा होतो तेव्हा नाणं थाळीच्या कुठल्या भागाखाली आहे ते बघा. त्या जागी थाळीवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा. लोकांना ही पट्टी बघून हसू येतं. हसू द्या.

मग तेच नाणं वीतभर खोल पुरून पुन्हा करा. खोल गेल्यावर आवाजाचा घेर कसा बदलतो ते कानाला कळायला लागतं.

एकाच दिशेने फिरवून खणायला बसणं

सिग्नल लागला की हात शिवशिवतो. थांबा. डावीकडून उजवीकडे फिरवून आवाजाची रेघ मनात पक्की करा. मग जागेवरून उठून पाव वळसा घ्या, पूर्वेकडे तोंड होतं तर उत्तरेकडे करा, आणि पुन्हा फिरवा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू. फुली मारायची म्हणतात ती हीच. द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये पाव वळसा घ्यायला जागा अपुरी पडते, दांडा वेलींना आधार देणाऱ्या लोखंडी अँगलला आपटतो. तिथे दांडा आखडून घ्या आणि गुडघ्यावर बसून फिरवा.

फुली मारल्याचा आणखी एक फायदा. लांब खिळा किंवा तारेचा तुकडा एका दिशेने दोनदा वाजतो, दुसऱ्या दिशेने एकदाच, किंवा आवाजाची जागाच सरकते. अंगठी, नाणं अशी गोल वस्तू सपाट पडली असेल तर दोन्हीकडून जवळजवळ सारखी वाजते. उभं पडलेलं नाणं मात्र इथेही फसवतं.

डीडी कॉइलवाल्यांनी शेपटीकडे सरकत जाण्याची युक्ती शिकून घ्यावी. सिग्नलवर चार बोटांएवढ्या छोट्या छोट्या हेलकाव्यांनी थाळी फिरवत ती स्वतःकडे हळूहळू ओढत आणा. एका क्षणी आवाज तुटतो. त्या क्षणी थाळीच्या पुढच्या टोकाला लागून जी माती आहे, तिथे वस्तू. मला ही पद्धत मशीनवरचं, नेमकी जागा दाखवणारं पिनपॉइंटचं बटण दाबण्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते, पण तो सवयीचा प्रश्न असेल.

थाळी ओवाळणं

आरती ओवाळल्यासारखा हात दोन्ही टोकांना वर जातो. मधे जमिनीपासून बोटभर, कडेला फूटभर. मग कडेची वस्तू निसटते आणि मधल्या वस्तूची जागा चुकते. अंगण सारवताना हात कसा सपाट फिरतो, तसा फिरवायचा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे.

उतारावर, म्हणजे बांधाच्या कडेला, थाळी तिरकी धरावी लागते. तेव्हा वस्तू थाळीच्या सरळ समोर असते, आपल्या पायाखालच्या सरळ रेषेत नाही. खणतानाही तीच तिरकी रेषा धरा, नाहीतर खड्डा वस्तूच्या शेजारून खाली जातो. हे मला पेठ रस्त्याकडच्या एका बांधावर, फूटभर खणून झाल्यावर कळलं.

पिनपॉइंट बटण वस्तूच्या डोक्यावर दाबणं

बटण दाबलं त्या क्षणी थाळीखाली जे असतं त्याला मशीन 'इथे काही नाही' असं समजतं. म्हणून आधी थाळी सिग्नलपासून बाजूला, स्वच्छ जमिनीवर न्या, तिथे बटण दाबा आणि दाबून धरूनच वस्तूकडे या. आवाज वाढेल आणि मग पसरट वाटेल. घेर अजून आवळायचा असेल तर आवाजाच्या कडेपाशी बटण सोडून पुन्हा दाबा. आता फक्त सर्वांत जोरकस जागाच वाजेल.

एक सावधगिरी. या मोडमध्ये मशीन सगळे धातू मोजतं. तुम्ही लोखंड वगळायला लावलं असलं तरी शेजारचा खिळा इथे पुन्हा बोलतो आणि मध्य आपल्याकडे ओढून घेतो.

मातीशी जुळवून न घेणं

नाशिकची जमीन म्हणजे बेसाल्टची झीज. या दगडात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे काळी मातीही कुरकुरते आणि एखादा काळा दगड चक्क वस्तूसारखा वाजतो. जुन्या विटा आणि चुलीची राख पडली असेल तिथेही तेच. ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज दाबायची, सोय असेल तर शांत जागी थाळी वरखाली करून आवाज बसवून घ्या, आणि बागेत असाल तर ते बोदावर, म्हणजे वेलींच्या बुडाच्या उंच वरंब्यावर करा, दोन ओळींमधल्या मुरमावर नको. बोदावर ठिबकची ओल आणि खत असतं, दोन्हीकडचा आवाज वेगळा.

सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवून ठेवण्याचा मोह आवरा. वरून वीजवाहिनी जात असेल, शेजारी मोटारीची केबल असेल, किंवा मंडपाच्या तारा डोक्यावर असतील तर मशीन सतत बडबडतं. त्या बडबडीत कुठला आवाज खरा हे ठरवणं म्हणजे नाशिकच्या शालिमार चौकातल्या गर्दीत हाक ऐकण्यासारखं. दोन घरं खाली आणा. खोली थोडी कमी होईल, पण अंगठी काल पडलेली असताना जादा खोलीचा उपयोग काय?

अपवाद उन्हाळ्यातली काळी माती. तिला भेगा पडतात आणि लहान वस्तू भेगेतून थेट खाली जाते. मे महिन्यात हरवलेली वस्तू वर वाजत नसेल तर भेगेच्या बाजूने शोधा.

सोनं हवं, पण कचरा नको

लहान सोन्याची अंगठी मशीनवर बहुतेकदा अॅल्युमिनियमच्या फॉइलच्या आसपासचा आकडा दाखवते. फॉइल वगळायला लावलंत की अंगठीही वगळली. द्राक्षबागेत औषधांच्या बाटल्यांची सीलं सगळीकडे पडलेली असतात. ती खणावीच लागतात. इलाज नाही.

खड्डा झाल्यावरची घाई

इथे मी त्या दिवशी पूर्ण फसलो. पहिला खड्डा घेतला, माती शेजारी टाकली, खड्ड्यावर थाळी फिरवली तर सिग्नल गायब. मला वाटलं जागा चुकली. शेजारी दुसरा घेतला, मग तिसरा. आवाज कुठूनतरी येत होता, कधी इकडे, कधी तिकडे. तासाभराने बागवाल्याच्या मुलाने पहिल्या ढिगावर पाय ठेवून विचारलं, "हे बघितलं का?" बघितलं नव्हतं. अंगठी त्याच मातीत होती.

खड्डा शांत झाला तर वस्तू बाहेर आली आहे, हा पहिला अंदाज करा. माती कुठेही भिरकावू नका, खत-गोणीच्या प्लॅस्टिकवर एका ढिगात काढा. थाळी आधी खड्ड्यावर, मग ढिगावर. ढीग वाजला की त्याचे दोन भाग करा, वाजणारा अर्धा ठेवा, पुन्हा दोन भाग. तीन-चार वेळा केलं की ओंजळभर माती उरते.

आता थाळी जमिनीवर आडवी, आकाशाकडे तोंड करून ठेवा आणि मूठभर माती तिच्यावरून फिरवा. साधारण मशीनमध्ये थाळी किंवा वस्तू, दोनपैकी एक हललं पाहिजे. थाळी स्थिर, म्हणून मूठ हलवायची. पण त्याआधी रिकामी मूठ फिरवून बघा. हातातलं कडं, घड्याळ, स्वतःची अंगठी वाजते, आणि माणूस प्रत्येक मुठीला खुश होतो. लोखंडी घमेलं आणि खुरपंही चार हात लांब ठेवा. माती प्लॅस्टिकच्या टोपल्यात घ्या.

गोदाकाठी दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. तोच चुंबक इथे कामाला येतो. जुन्या स्पीकरचा चुंबक ढिगातून फिरवला की खिळे, बाइंडिंग तारेचे तुकडे निघून जातात. सोनं, चांदी, पितळ त्याला चिकटत नाही, ते ढिगातच राहतं. मग आवाज स्वच्छ होतो.

खड्डाही वाजत नाही, ढीगही वाजत नाही, असंही होतं. गंजलेलं लोखंड बरीच वर्षं पडून असेल तर त्याचा गंज भोवतालच्या मातीत उतरलेला असतो. माती हलली की तो घेर मोडतो आणि आवाज विरतो. किंवा वस्तू उभी झाली असेल, किंवा खड्ड्याच्या भिंतीत असेल. थाळीची कड खड्ड्याच्या चारी बाजूंना टेकवून बघा, भिंत हातानेच खरवडा. खुरप्याने थेट मध्यावर घाव घालू नका. वस्तूच्या बाजूने कापून मातीचा गड्डा उचलायचा. हिरवळ असेल तर तीन बाजू कापून चौथी बिजागरीसारखी ठेवा, म्हणजे गवत परत बसतं. बागेत तर आधी ठिबकची नळी बाजूला घ्या.

कुठे मशीन लावूच नये

मशीन हातात दिसलं की गावात पहिला प्रश्न गुप्तधनाचा. नाशिककरांना त्याचं कारणही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षत्रप राजा नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. तो साठा अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणून सातवाहन-क्षत्रप लढाईबद्दल आज आपल्याला काही ठामपणे बोलता येतं. कोणी तो गुपचूप वितळवला असता तर?

१८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, आजही. पांडवलेणी किंवा अशा कुठल्याही संरक्षित स्मारकाच्या जागेत मशीन नेऊच नका. जुनी नाणी समजून घ्यायची असतील तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. आणि गुप्तधनासाठी कोणी अमावस्येला पूजा मांडायची गोष्ट काढली तर तिथून निघा. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

बाकी खासगी रानात मालकाचा होकार आधी, मशीन नंतर.

त्या दिवशी मी तिन्ही खड्डे बुजवले, माती पायाने दाबली, नळी जागेवर बसवली. ताईंनी अंगठी पदराला पुसून बोटात घातली आणि डिपिंगला परत गेल्या. माझ्या खिशात एकोणीस सीलं, बाइंडिंग तारेचं एक भेंडोळं आणि वीस पैशांचं एक षटकोनी अॅल्युमिनियमचं नाणं होतं. नाणं बागवाल्याला दिलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "आता तो तिसरा खड्डा कशाचा होता, ते सांगा."