छोट्या लेथला दमदार मोटर

खोल काप घेताना लाकूड कातायचा लेथ थांबत असेल तर आधी पट्टा घसरतोय का बघा. तो ठीक असेल तर अर्धा एचपी, १४४० आरपीएमची (मिनिटाला फेरे) सिंगल फेज मोटर बसवा. कुपवाड एमआयडीसीकडे जुनी शोधत असाल तर बंद बॉडीचीच घ्या. उघडीत भुसा शिरून सेंट्रीफ्युगल स्विचच्या (मोटरने वेग घेतला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणाऱ्या) पॉइंटमध्ये अडकतो, मग मोटर नुसती गुणगुणते.

मोटरला ३ इंची, स्पिंडलला (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याला) ६ इंची पुली म्हणजे साधारण ७२० फेरे, वाडग्याला चांगले. लाटण्याला दोन्हीकडे ४ इंची. पुल्या सुताने एका रेषेत आणा, नाहीतर पट्टा कडेने झिजतो.

लाकूड वरून तुमच्याकडे खाली यायला हवं. उलट फिरलं तर प्लग काढून स्टार्टिंग वाइंडिंगची (मोटर सुरू करून देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची) दोन टोकं अदलाबदल करा. अर्थिंग विसरू नका.